दोघांत एक नाक

६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकलंस हे वाचून बरं वाटलं. ते कानात असतं तर तू फोन केला असतास आणि मला पत्र आलं नसतं. तुझे कान गेले, माझं नाक गेलं. आता आपल्या दोघांना मिळून एक अख्खा माणूस म्हणायचं.

बातमी अशी की मी इंजिन घेतलं. खेळण्यातल्या विमानाचं, पण खरं जेट. थर्मासएवढं आहे. जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, आता बोटांना जरा गंमत हवी. इंजिन जुनं पण निरोगी आहे, फक्त ते सुरू करायचं सामान नव्हतं. आणि सगळी मेख तिथेच आहे. आतलं चक्र आधी बाहेरून फिरवून द्यावं लागतं, मग आत काहीतरी पेटवायचं आणि पुरेसं तापलं की रॉकेल सोडायचं. जुनी मंडळी बागेतली पानं उडवायच्या ब्लोअरने हवा मारतात. पण एका हातात ब्लोअर, दुसऱ्यात गॅसची नळी, मग आग विझवायचं नळकांडं कुणी धरायचं? म्हणून चक्र फिरवायला विजेची मोटर घेतली.

आता पेटवायचं गॅसवर की रॉकेलवर, एवढंच ठरायचंय. रॉकेलला वेगळी बाटली नको, पण ते नीट पेटलं नाही तर आत साचतं आणि पुढच्या खेपेला शेपटीतून भडका निघतो. गॅस स्वच्छ पेटतो. शिवाय गळला तर वास मारून स्वतःच स्वतःची चुगली करतो. मला तो येणार नाही, पण हिला येतो. गेल्या वर्षीच्या तापात दोघांचीही नाकं गेली, त्यातलं हिचं परत आलं. तेव्हापासून दूध, भाजी, शेगडी सगळं हीच हुंगते. दोघांत एक नाक आहे, ते पुरे.

तुझं मत कळव. ओरडायचं असेल तर सुवाच्य अक्षरात ओरड.

तुझा
खिळ्या

१३ फेब्रुवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी घरातल्या खुर्च्यांचे खिळे उपटायचास, म्हणून हे नाव पडलं. साठी आली तरी खोड गेली नाही. घे, सुवाच्य अक्षरात लिहिते: मला भीती वाटते.

मी नोकरी कुठे केली ते तुला सांगायला नको. भाजलेल्यांच्या वॉर्डात येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, की मी काळजी घेत होतो. एकही जण निष्काळजी म्हणून आला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ज्यांनी पट्ट्या बदलल्या त्यांनाही थोडं कळतं.

रॉकेल निदान डोळ्यांना दिसतं. सांडलं तर फडक्याने पुसता येतं. गॅस दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, टेबलाखाली जमिनीलगत जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. ज्याला तो कळणार नाही त्याने तो घरात आणू नये, इतकं साधं आहे. बायकोचं नाक हे काही यंत्र नाही. तिला सर्दी झाली तर? ती लॉन्ड्रीत नोकरीवर असताना तुझा हात शिवशिवला तर?

माझं ऐक आणि रॉकेलवालं सामान घे. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, पालथ्या घड्यावर पाणी. तरी घातलं. तिला माझा आशीर्वाद सांग. माया आहे म्हणूनच बोलते, ती कमी समजू नकोस.

तुझी
ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गॅसच घेतला. रागावू नकोस. रॉकेलवर पेटवताना भडक्यात भुवया गमावलेले दोन गृहस्थ मी स्वतः पाहिलेत. गॅसची बाटली हाताच्या पंज्याएवढी आहे. दुकानदाराने माझ्यासमोर सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून दाखवलं, एक फुगा आला नाही. मी घरी आणून पुन्हा लावलं. तेव्हाही नाही.

अडचण निराळीच निघाली. गॅरेजात सगळं जोडून मी हिला हाक मारतो. ही दारात येऊन उभी राहते, हुंगते, आणि म्हणते की वास येतोय. मी बाटली बंद करतो, सांधे उघडतो, पुसतो, पुन्हा आवळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिनाने अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही. तुझ्या पत्राने हिच्या नाकात भीती भरली असा मला दाट संशय आहे. वाचून दाखवायलाच नको होतं.

असो. तू म्हणतेस तसं यंत्र नाही, पण नाक मात्र फार तिखट निघालं. आहे तसा लोभ ठेव.

तुझा
खिळ्या

१५ मार्च

ती. सौ. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी लॉन्ड्रीत बसून लिहिते आहे. यांना ठाऊक नाही. कुणाला तरी सांगितलं नाही तर माझा जीव जाईल, आणि तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

वन्सं, मला वास येत नाही. तापानंतर कधीच आला नाही.

तेव्हा हे फार खचले होते. शेगडी पेटवू देत नसत, उठून उठून बटणं बघत. जेवण असं गिळत की मला बघवेना. एक दिवस मी दुधाचं भांडं नाकाशी धरलं आणि म्हटलं की नासलंय. दूध खरंच फाटलेलं होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं. पण यांचा चेहरा इतका उजळला! मला वाटलं, चार दिवसांत माझं नाक येईलच, तोवर एवढं खोटं चालेल. नाक आलं नाही. दूध मी चाखून बघते, भाजी दाबून बघते. लॉन्ड्रीत कपड्यांचा वास सांगायची वेळ आली की शेजारी बसणाऱ्या बाईकडे सरकवते. सगळं निभावलं.

पण हे गॅरेजात बोलावतात आणि विचारतात, तेव्हा काही निभत नाही. मी नाही म्हटलं आणि खरंच गळत असलं तर? म्हणून दर वेळी येतोय म्हणते. येतोय म्हटल्याने कुणी मरत नाही, असा माझा हिशेब होता. आता हे चिडायला लागलेत. काय करू? यांना कळवू नका, पण मला सांगा.

तुमच्या मायेच्या आधारावर आहे.

आपली
भावजय

१६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. येत्या रविवारी इंजिन सुरू करतो आहे. काल ही पुन्हा म्हणाली की वास येतोय. मग मी गंमत केली. बाटली कपाटात ठेवून नुसती रिकामी नळी लावली आणि विचारलं. तरीही म्हणाली की येतोय! तिला भीतीचाच वास येतो, दुसरं काही नाही. मी तिला बोललो नाही, बिचारीचं मन कशाला दुखवा. पण रविवारी ती काहीही म्हणो, मी बटण दाबणार. सांधे आवळून आवळून माझं मनगट दुखायला लागलं.

सुरू झालं की सविस्तर लिहितो. कृपा असू दे.

तुझा
खिळ्या

१९ मार्च

चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं आणि त्याचं, दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. तुझं आधी वाचलं ते बरं झालं, की वाईट झालं, मला सांगता येत नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून वाच.

रविवारी तू येतोय म्हणालीस तरी तो थांबणार नाही. त्याने तुझी परीक्षा घेतली, बाटली नसताना विचारलं, आणि तू येतोय म्हणालीस. आता तुझ्या ‘हो’ला किंमत नाही आणि ‘नाही’ला तर कधीच नव्हती. त्याला वाटतं की घरात एक नाक आहे, जरा जास्त भित्रं आहे इतकंच. मुळात नाकच नाही हे त्याला कळलं पाहिजे, आणि ते तूच सांगायला हवंस. मी सांगितलं तर तो तुला वर्षभर माफ करणार नाही, आणि मलाही. पण तू शनिवारपर्यंत सांगितलं नाहीस हे मला कळणार कसं? कानाच्या यंत्राची बॅटरी पडून पडून मेली आहे, तसाच फोन लावून पाहिला. कुणीतरी बोललं, तो होता की तू, तेही मला कळलं नाही. ओरडून ठेवून दिला.

खोटं तू मायेपोटी बोललीस, त्याबद्दल मी तुला काही बोलत नाही. आता मायेपोटीच खरं बोल. हे पत्र रविवारच्या आत पोचू दे, एवढंच म्हणत बसले आहे.

तुझी
वन्सं

२५ मार्च

ती. सौ. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघं धडधाकट आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचवेल.

तुमचं पत्र सोमवारी आलं. फोन मीच घेतला होता. तुम्ही इतक्या ओरडत होता की मला शब्द कळेना, फक्त तुम्ही घाबरलात एवढं कळलं.

रविवारी सकाळी बाहेर वारा फार होता. मागून वारा आला तर शेपटीतली आग उलटी आत शिरते म्हणून यांनी टेबल गॅरेजातच ठेवलं आणि शटर अर्धं वर केलं. विझवायचं नळकांडं माझ्या हातात दिलं. बाटली उघडली, मग नळीचा एक चिमटा सापडेना म्हणून शोधत बसले. तो सापडल्यावर मला विचारलं की वास येतोय का. मी म्हटलं, येतोय. हे हसले आणि म्हणाले की आज तुझ्या नाकाला सुट्टी. अंगठा बटणावर नेला.

मी नळकांडं टाकून यांचं मनगट धरलं. म्हटलं की मला काहीच येत नाही, तापापासून कशाचाच वास येत नाही, आजवर सगळं खोटं होतं. यांनी अगदी हळू विचारलं की शेगडीचं पण? मी मान हलवली. यांनी बटणावरचा हात असा काढला की जणू ते बटण तापलेलं होतं.

नंतर बाटली बंद केली, शटर पूर्ण वर ढकललं आणि मला ओढत रस्त्यावर नेलं. आतली हवा खेळून जाईपर्यंत तिथेच थांबलो. मग आत जाऊन यांनी बाटली बाहेर आणली, बाजूला उघड्यावर ठेवून सांध्याला साबणाचं पाणी लावलं. फुगे आले, वन्सं. एकामागून एक. सांधा उघडला तर आतला रबरी वायसर फाटलेला. पहिल्या दिवशी तो धड होता. माझ्या येतोय येतोयपायी यांनी तो रोज उघडला आणि रोज आवळला, त्यात तो चिरला. म्हणजे गळती नव्हती तेव्हा मी आहे म्हणत होते, आणि म्हणून म्हणून मीच ती केली.

हे मला एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गॅसची बाटली दुकानदाराला परत गेली, तो रॉकेलवर पेटणारं सामान पाठवतो आहे. पण ते येईल तेव्हा येईल, यांनी त्याची चौकशीही केलेली नाही. इंजिन फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे.

खरी भीती आता बसली आहे. इतके दिवस आम्ही किती निर्धास्त होतो! हे माझ्या नाकाच्या भरवशावर, आणि मी यांच्या त्या भरवशाच्या भरवशावर. आता घरात एकही नाक नाही हे दोघांनाही माहीत आहे. हे शेगडीचं बटण बघून येतात, मग मी बघून येते. मी आले की हे पुन्हा उठतात. विजेची शेगडी आणायची ठरली आहे, पण तोवर स्वयंपाक गॅसवरच आहे, आणि काडी ओढताना माझे डोळे आपोआप मिटतात.

एक विनंती आहे. चार दिवस येऊन राहा. यांनाही तेच हवं आहे, पण लिहायला लाजतात. बॅग दारातच ठेवा, आमची विचारपूस मागाहून करा. आधी उंबऱ्यावर उभं राहून एक मोठा श्वास घ्या, आणि काय ते आम्हाला सांगा.

वाट बघते आहे, माया आहे तशीच असू द्या.

आपली
भावजय