नानकिंगच्या वेशीवरचा राखणदार

मालवण, शनिवार, डिसेंबर १९५६

रोज उद्या-उद्या करत टाळलं, आज बसलोच. चुलतभाऊ वसू पहिल्यांदा बोटीवर चाललाय, शांघायला. तिथून खलाशांना नानकिंग दाखवायला नेतात, मला नेलं होतं तसं. जुन्या राजांची राजधानी. काय बघायचं ते लिहून देतो म्हणालो होतो. तर, तट बघ, चालून संपत नाही. विटांवर भाजणाऱ्यांची नावं आहेत. राजाच्या समाधीच्या वाटेवर दगडी हत्ती आहेत. तटाच्या दरवाजात एक म्हातारी चहा विकते. मी थंडीने कुडकुडत होतो, तिने शेगडीजवळ ओढून बसवलं... हे काय लिहितोय? वसूला शहर बघायचंय, म्हातारी नाही.

जीव कंटाळलाय. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काकी वसूला सोडणार नाही, आणि गाऱ्हाणं घालणारे गावकार आज देवळात मलाच विचारतात, "थंयच्या वेशीवर राखणदार देव कोण? त्याचा नाव घेतल्याबिगर तुझ्या काकीच्या झिलाक त्याच्या हवाली कसा करू?"

"माका म्हायत नाय."

"मगे थंय जावन बघलंस काय? हत्ती?"

सगळे हसले. मी उठून आलो. एवढा भटकलो, आणि वेशीवर कोण म्हटलं की डोळ्यांसमोर ती म्हातारीच. ती कशी सांगू गावकारांना?

बाहेर कडी वाजतेय. काकी! वसूला बोटीचा नाद मी लावला म्हणून गणपतीपासून माझ्याशी अबोला धरलेली काकी, हातात नारळ घेऊन पायरीवर उभी. आत यायला तयार नाही.

"राखणदाराचा नाव ऱ्हवांदे रे," म्हणते. "थंय माझ्या झिलाक 'बस' म्हणणारो कोण आसा काय?"