पेटीतली दोन बोटे जागा

मिरज, ता. ४ मार्च १९७९

ती. सौ. सुहासिनी आत्यास,

विजयमालाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. लंडनच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत आणि डॉक्टर मामांचा खोकला गेला का, ते कळवावे. (मी स्वतः रोज सहा तास शीतगृहात एक अंशात काढते, त्यामुळे थंडीबद्दल मला आता फारशी सहानुभूती उरलेली नाही.) गेल्या आठवड्यात घडले ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे माझा तोल गेला तरी हकीकत सुटणार नाही.

१. २६ फेब्रुवारी, सकाळ. तासगावजवळ नाथाजींच्या बागेत द्राक्षे काढून भरली. १२० पेट्या, प्रत्येकी चार किलो.
२. दुपारी दोन. पेट्या मिरजेच्या शीतगृहात. द्राक्षांचे तापमान २७ अंश.
३. संध्याकाळी सात. अपेक्षित तापमान ८. प्रत्यक्षात २४.
४. २७ तारीख, सकाळ. कारण सापडले.
५. २८ तारीख. पेट्या सांताक्रूझला विमानात चढल्या. तापमान ३.
६. आत्या, आपली द्राक्षे लंडनला पोहोचली!

(सहाव्या कलमात उद्गारचिन्ह नको होते, पण खोडत नाही.)

तुम्हाला माहीतच आहे, मी म्हैसूरला दोन वर्षे अन्न टिकवण्याचे शास्त्र शिकले आणि कोरेगावात अजून सगळे म्हणतात की माला फ्रिज दुरुस्त करायला शिकली. इथल्या संस्थेचे चेअरमन लालासाहेब यांनी शीतगृह बांधले ते बटाट्यांसाठी. मला नऊ महिन्यांच्या करारावर घेतले, तेही बटाट्यांसाठीच. सहा महिने मी त्यांच्या मागे लागले होते की ही खोली एक अंशापर्यंत उतरते, तिच्यात बटाटे ठेवणे म्हणजे घोड्याला गोठ्यात बांधणे आहे. एकदा द्राक्षे विमानाने लंडनला पाठवून बघू. शेवटी ते म्हणाले, "जमलं तर पंचवीस मार्चला दीड हजार पेट्या. न्हाई जमलं तर बटाटं." बटाट्यांना माझी गरज नाही. करार एकतीस मार्चला संपतो, आणि कोरेगावात आईने तीन स्थळांचे फोटो देव्हाऱ्यात ठेवून दिलेले आहेत. तेव्हा या १२० पेट्यांवर काय काय अवलंबून होते, ते तुमच्या लक्षात येईल.

आता पेटीविषयी. पुठ्ठ्याच्या प्रत्येक पेटीला आठ भोके असतात आणि झाकणाखाली दोन बोटे जागा मोकळी सोडतात. गार हवा एका बाजूने शिरते, घडांवरून फिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हे मी पेट्या भरणाऱ्या बायकांना तासभर समजावले, जमिनीवर कोळशाने चित्रही काढले. त्यांच्या प्रमुख म्हणजे नाथाजींच्या आई, तानुबाई. पाच लेकी सासरी पाठवलेल्या बाई. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मान डोलावली. मी शीतगृह तयार करायला निश्चिंत मनाने पुढे आले. (मान डोलावणे म्हणजे होकार, असे मला म्हैसूरला शिकवले होते.)

संध्याकाळी चोवीस अंश दिसल्यावर मी आधी यंत्रावर संशय घेतला, मग थर्मामीटरवर, मग स्वतःवर. सांगलीहून मेकॅनिक जोतीराम लुनावर आला. त्याने यंत्र उघडले, बंद केले आणि सांगितले, "म्याडम, मशिनीची तब्येत तुमच्यापेक्षा बरी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोष्ट तपासायची उरली होती. मी पेटीचे झाकण उचलले.

आत्या, १२० पेट्यांची ९६० भोके होतात. त्यांपैकी ९४८ गोधडीच्या चिंध्यांनी नीट बुजवलेली होती. (उरलेल्या बारांना चिंध्या पुरल्या नसाव्यात.) आणि झाकणाखालच्या दोन बोटांच्या जागेत प्रत्येक पेटीत कागदात गुंडाळलेला शेंगदाण्याचा एक लाडू, शेजारी हळदकुंकू लावलेली सुपारी. द्राक्षांना आम्ही थंडीसाठी खोलीत ठेवले होते आणि ती आत गोधडी पांघरून बसली होती.

निरोप मिळताच तानुबाई अकरा बायका घेऊन ट्रॅक्टरने आल्या. मी शक्य तितक्या शांतपणे विचारले, भोके का बुजवली?

"मुंग्या शिरत्याल की गं आत. विलायतेत खोकं उघडल्यावर काय म्हंतील? सांगलीवाल्यांनी मुंग्या धाडल्या?"

आणि लाडू?

"आगं, लेकीच्या सासरी डबा धाडताना वर दोन बोटं मोकळा ठेवत्यात व्हय? बघनारं म्हनंल, ह्यांच्या घरातच खायाला न्हाई."

मी सांगितले की ती जागा मोकळी नाही, तिथे गार हवा असते. त्यांनी पेटीत डोके घालून पाहिले आणि म्हणाल्या, "मग माझ्या लाडवानं तिला कुटं ढकललं? सरकून बसंल की!" तरीही सगळ्या बायका भराभर चिंध्या उपसायला बसल्या, आणि उपसता उपसता तानुबाईंनी मान वर न करता विचारले, "तुझी आत्या हाय न्हवं तिकडं? तिला आसं आर्धं खोकं धाडलं आस्तंस व्हय?" याचे तांत्रिक उत्तर माझ्याकडे होते. मी पुढची पेटी ओढून चिंध्या उपसायला बसले.

अठ्ठावीसला पहाटे खोलीत दीड अंश. मी तीन थर्मामीटरनी तीनदा पाहिले. ट्रकमध्ये पेट्यांभोवती बर्फ रचला आणि निघालो: मी, नाथाजी आणि ड्रायव्हर मानसिंग. मानसिंग पलटणीतून निवृत्त झालेले, दर पन्नास किलोमीटरला ट्रक थांबवून, खाली उतरून, ताठ उभे राहून विचारत, "टेंपरेचर?" मी आकडा सांगितला की "ठीक है" म्हणून पुन्हा चढत. साताऱ्याला दोन. खंबाटकी घाट चढून गेल्यावर अडीच. विमानतळावर तीन! चारच्या वर गेले असते तर मी पेट्या परत आणणार होते, हे मी कोणाला सांगितले नव्हते. पेट्या आत गेल्यावर नाथाजी कुंपणाला धरून उभे राहिले. म्हणाले, "आमच्या घरातलं कुनी इमानात बसलं न्हाई. पयली द्राक्षं बसली." विमान उडाले तेव्हा त्यांनी हात जोडले. मी हात हलवला. विमानाला ते दिसत नाही, याची मला कल्पना आहे.

काल लंडनच्या व्यापाऱ्यांची तार आली: माल उत्तम. दहा पेट्या न उघडता वीस मार्चपर्यंत थंडीत ठेवणार, आणि त्या दिवशी सर्व गिऱ्हाइकांसमोर उघडून द्राक्षे किती टिकतात ते पाहणार. मग पुढचा निर्णय. लालासाहेबांनी ती तार बटाट्याच्या दोन व्यापाऱ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवली. मला इतका आनंद झाला आहे की कालपासून मी दोनदा जिना चढताना पायऱ्या मोजायला विसरले.

मामांना नमस्कार.

आपली,
विजयमाला

ता. क. १. काढलेल्या लाडवांपैकी चार मी तपासणीसाठी खाल्ले. दोष आढळला नाही.

ता. क. २. व्यापाऱ्यांनी ठेवलेल्या पेट्यांचे क्रमांक तारेत दिले आहेत: ७, १९, ४१ आणि पुढे सात. एक्केचाळीस क्रमांकाच्या पेटीत झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत साडेतीनशे ग्रॅम हुरडा आहे. कोरेगावचा, या वर्षीचा शेवटचा. तो मी ठेवला आहे. दिवाळीच्या पत्रात तुम्ही हुरड्याची आठवण काढली होती. पेटी व्यापाऱ्यांकडून मागून तुम्हाला पोहोचवायची, असा माझा बेत होता. ती चाचणीत निवडली जाईल असे वाटले नव्हते. साडेतीनशे ग्रॅम द्राक्षे काढून ठेवली, म्हणून वजन बरोबर चार किलो भरते. पिशवी भोकांपासून चार सेंटिमीटर दूर आहे. तानुबाईंना यातले काही माहीत नाही आणि कळवूही नये.

ता. क. ३. हुरडा एक अंशाला दोन आठवडे टिकावा. तीन आठवड्यांनी तो गिऱ्हाइकांसमोर कसा दिसेल आणि वासाला कसा येईल, याचा अंदाज मला करवत नाही. व्यापाऱ्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. पत्र मिळताच तिथे जावे, मिरजेहून एक नमुना काढून घेण्यास सांगितले आहे असे म्हणावे (ते खरेच आहे) आणि पिशवी घरी न्यावी. इथे येणारी प्रत्येक तार लालासाहेब मोठ्याने वाचतात, म्हणून मजकूर फक्त "तब्येत बरी" असा असावा. हुरडा खाण्याजोगा निघाल्यास "तब्येत उत्तम". तार अठरा मार्चपर्यंत मिळावी, ही विनंती.