राखेत उमटलेली करंगळी

हेटीटोला, ९ जानेवारी २००८

प्रिय करिश्मास, बाईचा, तुझ्या थोरल्या बहिणीचा, सेवा जोहार.

बैल सोडून झाले होते, अंगणात सडा पडला होता, मी भांडी घासत होते. तेवढ्यात घरातून सासूचं रडणं ऐकू आलं. चार दिवसांपूर्वीची गोष्ट. आपल्यात माणूस मेलं की राख पसरून वर टोपली पालथी घालतात. पाऊल उमटलं की ते घरी परतलं म्हणतात. हे गेले तेव्हा तू होतीसच. सासूनं तसंच माझ्यासाठी केलं. चैतूभाऊजींनी सांगून पाहिलं, जित्या माणसासाठी राख कोणी पसरत नाई. पण यांच्यामागून माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हापासून वर्षभर मी बैलांच्या कोठ्यात झोपते, तिथंच जेवते. तिच्या लेखी मी गेलेच.

राखेत पाऊल होतं, करिश्मा. डाव्या पायाचं, करंगळी आत वळलेली, माझ्यासारखी. मी तर वर्षभरात उंबरा ओलांडलेला नाही. तेव्हापासून गोळ्या घेतल्या नाहीत. मेलेल्याला कशाला, असं वाटतं.

माया असू दे.
तुझी बहीण, इतवारी


वडसा, १४ जानेवारी

बाईस जोहार.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचा भात करपला. गोळ्या काऊन थांबवल्या? मेलेलं माणूस पोस्टाचं तिकीट चिकटवते काय? अक्षरही तेच, कोंबडीनं उकरल्यासारखं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, एका ताटात जेवून हे लागत नाही. गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही.

तू आता इकडंच ये. तुला बोलावते म्हटल्यावर हे म्हणाले, तिचं ताट वेगळं ठेवू. मी म्हटलं, मग माझंही तिच्याजवळच ठेवा. काल विचारत होते, बाईची गाडी कितीची.

त्या पावलाचं मले समजत नाई. भीती वाटते. लवकर ये.

रागावलेली, तरी तुझीच,
करिश्मा


वडसा, २१ जानेवारी

ती. सासूबाईंना जोहार. चैतूभाऊजी, त्यांना हळू वाचून दाखवा.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही देवाजवळ माझ्या नावाचं ताट वाढलंत. मी आत येऊन त्यासमोर बसले. कोणी अडवलं नाही. माझ्या तोंडाकडे न बघता तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात, केसांतला गुंता सोडवलात, पोर उपाशी गेली म्हणालात. वर्षानं कोणी मला हात लावला. मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही हात काढला असता. आता इथंच राहशील ना, असं तुम्ही विचारलंत. होकार ओठांवर आला होता. त्या घरात मेलेल्या सुनेला जागा होती.

तेवढ्यात मला खोकला आला. तुम्ही दचकून मागे सरलात आणि हात पदराला पुसलात.

राग नाही. थंडी आहे, पाय शेकत जा. आठवण काढाल तर जितीची काढा. दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली आणि वडशाच्या गाडीत बसले.

तुमची सून,
इतवारी