पाच नंबरचं मशीन

३ जून
स्ट्रॅटेजी फायनल. हॉस्पिटलच्या चादरींची ऑर्डर यापुढे फक्त महिलांच्या कारखान्याला, असं नवं धोरण आलंय. ती मिळाली नाही तर आपल्याला टाळं. म्हणून एक्कावन्न टक्के मालकी वहिनींच्या नावावर. कागदोपत्री, अर्थात. दादा गेल्यापासून कटिंग, हिशेब, गिऱ्हाइकं त्याच बघतात. डोकं मात्र माझं.

४ जून
सही कुठे करायची ते वहिनींना समजावलं. त्यांनी आधी अर्जातल्या माझ्या चार चुका काढल्या. घाईत होतात.

१९ जून, सकाळी ११
तपासणीच्या बाई न सांगता हजर. वहिनींना झटकन माझ्या खुर्चीत बसवलं आणि मी पाच नंबरच्या मशीनवर. किती वर्षं शिवता, असं बाईंनी विचारलं. वीस, म्हटलं. मशीन चालू कुठून होतं ते सापडेना. पण प्रसंगावधान म्हणजे हेच.

२० जून
बाई महिनाभर अधूनमधून येणार म्हणे. म्हणजे महिनाभर मशीन माझ्या गळ्यात. हरकत नाही. सरळ रेषेत तर शिवायचं.

२७ जून
बोटात सुई. दोरा सारखा तुटतो. मशीन जुनं झालंय. बाकीच्या मशीनवरच्या चौघी खाली मान घालून हसतात. वहिनींनी फोनवरून दोन रुसलेली गिऱ्हाइकं परत आणली. खुर्चीचा गुण.

८ जुलै
बाई खूश. वहिनींनी फाडफाड उत्तरं दिली. मी पाठ करून घ्यायचं विसरलो होतो, तरी. 'मालकी खरी' असा शेरा मिळाला. मग बाईंनी सॅम्पल म्हणून एक चादर मागितली. वहिनी कपाटातून काढत होत्या, तेवढ्यात मीच माझी पुढे केली. प्रश्न कारखान्याचा होता.

२२ जुलै
मालकी पात्र. सॅम्पल नापास. एका धुण्यात शिवण उसवली. ऑर्डर दुसरीकडे गेली.
वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, एकच चादर मागितली होती हो त्यांनी."
मला रडू आलं. धोरणातच गडबड आहे.

५ ऑगस्ट
मशीनं विकली. वहिनी आणि चौघींना ऑर्डरवाल्या कारखान्यानं घेतलं. वहिनींनी माझ्यासाठीही शब्द टाकला होता. ते नको म्हणाले.
मशीनं नेणारा सांगत होता, पाचांत सगळ्यात चांगलं पाच नंबरचं.
माझ्या हातची अजून एक चादर घरी होती. दुपारी स्वतः धुतली, हलक्या हातानं.
उसवली.