बंगालवरचा ठिपका

बाई,

टोर्नेडोचा धडा तुम्ही नीट शिकवला होता. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे धीर होणार नाही. नव्वदच्या आसपासची आपली नेरूळची शाळा, वर पत्रे, घामाने वह्या ओल्या व्हायच्या. कोऱ्या नकाशात मी फक्त अमेरिकेचा मधला भाग लाल रंगवला होता, कारण परीक्षेत तेवढंच यायचं. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर धरलीत. "मार्कांपुरतं जग शिकतेस का गं?" म्हणालात. मग फळ्याजवळ उभं करून एकेक ठिपका द्यायला लावलात: कॅनडा, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, युरोपातसुद्धा. सगळ्यात शेवटी बांगलादेश आणि त्याला लागून आपला बंगाल. अमेरिकेत वर्षाला हजाराच्या वर होतात, इथे त्या मानाने मोजकेच, पण माणसं इथेच जास्त मरतात, घरं कुडाची आणि पत्र्याची म्हणून. मला तुमचा इतका राग आला होता, की त्या रागापायीच धडा जन्मभर लक्षात राहिला.

पाच-सहा वर्षांनी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. हजेरी आणि रजा माझ्याकडे. टेम्पररी होते, कायम करायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं. पॅकिंगमधला एक बंगाली कामगार घणसोलीत आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. एप्रिलमधल्या एका सकाळी तो माझ्या टेबलाशी उभा आहे. गावाहून फोन आला होता. "मॅडम, हवा पूरा घर उठाके ले गयी. बच्ची का पता नहीं. छुट्टी दे दो." तेवढ्यात साहेब बाहेर आले. माल पाठवायची घाई होती, आणि त्याच आठवड्यात रजेसाठी चार जणांच्या आज्या मेल्या होत्या. भूगोलात पहिली आले होते हे मी इंटरव्ह्यूत मिरवलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. "काय गं भूगोलवाली, घर उचलून नेणारं वारं असतं का कुठे?" त्यांना कुठलं उत्तर हवंय ते मला स्वच्छ दिसत होतं. "असतं ना साहेब, अमेरिकेत," मी म्हणाले. "वर्षाला हजाराच्या वर." आणि तिथेच थांबले. "मग हा काय अमेरिकेचा आहे?" साहेब म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.

रजा नामंजूर झाली. गेलास तर नाव कटेल, असं त्याला सांगितलं ते मीच. तो तीन दिवस कामावर आला, संध्याकाळी आमच्या ओट्यावर नुसता बसून राहिला. आई म्हणाली, "तो मानूस खोटा नाय बोलत. दोन दिस जेवला नाय तो. तुजे सायबाला सांग ना काय तरी." माझ्या हातात काय आहे, असं म्हणून मी आत गेले. चौथ्या दिवशी तो निघून गेला आणि रजिस्टरमधलं त्याचं नाव मी कापलं. महिन्याभराने मी कायम झाले. त्याच सुमाराला त्याचा गाववाला सामान न्यायला आला, तेव्हा कळलं. मुलगी पहिल्याच संध्याकाळी सापडली होती, जिवंत. हॉस्पिटलात बापालाच विचारत होती. तो पोचला त्याच्या आदल्या दिवशी गेली. बाई, ते तीन दिवस माझे आहेत. ते मी कुठे नेऊन ठेवू?

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी हेच सांगायला तुमच्याकडे आले होते. सगळं सांगितलंही. पण तुमच्या डोळ्यांकडे बघितलं आणि शेवटी भलतंच बोलले, "आपल्या पुस्तकात अमेरिकाच होती ना बाई." तुम्ही म्हणालात, "पुस्तकात नसेल गं. पण मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं वाटतं. माझंच चुकलं." तुम्हाला आठवत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तर अख्खा फळा होता. तुम्ही रडायला लागलात, आणि पंधरवड्यात गेलात.

त्या कामगाराचा पत्ता मला कधीच मिळाला नाही, आणि हे पत्रही कुठे जाणार नाही. त्या दिवशी मी तुमचा हात धरला, बाई, आणि म्हणाले, "असू द्या, होतं असं." माफी तुम्ही मागितलीत, आणि मी तुम्हाला माफ केलं.