साहेबांच्या व्हरांड्यासमोरून, दिवा चालू ठेवून

बाबा, मी गाडी घेतली आहे. नवी नाही. पण ज्या गाड्यांची मागची दारं तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उघडलीत, त्यांच्यातली आहे. लांब, काळी, दार लावलं की बाहेरचा रस्ता मुका करून टाकणारी. तिचा पहिला मालक राइस मिलवाला. त्याच्या मुलांना नवी हवी झाली, म्हणून ही झाडाखाली धूळ खात उभी होती. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि घेऊन टाकली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न काय आला असता ते मला ठाऊक आहे. "काहून? लोकायले दाखवाले?" हो, बाबा. लोकांना दाखवायलाच. सभेला उतरते तेव्हा पोरी मान वळवून पाहतात, आणि चालवणारीही मीच आहे हे त्यांना दिसतं, ते मला आवडतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि वाटून घेण्याची माझी तयारीही नाही.

पण लिहायला बसले ते गाडीच्या मोठेपणाबद्दल नाही. तिच्या हेडलाइटबद्दल बसले. जुन्या मोठ्या गाडीचं सगळं टिकतं, इंजिन टिकतं, चामड्याच्या सीट टिकतात, पहिले दगा देतात ते दिवे. आणि दिव्याबद्दल मला ज्याच्याशी भांडायचं आहे असा माणूस माझ्या आयुष्यात एकच होता.

तुमची एक पद्धत होती. सगळ्याच सरकारी ड्रायव्हरांची असेल, पण मी ती तुमच्यात पाहिली. साहेबांच्या बंगल्याचं फाटक आलं की तुम्ही हेडलाइट बंद करायचे आणि बारीक पार्किंग लाइटवर गाडी आत न्यायचे. उजेड साहेबांच्या व्हरांड्यावर पडू नये, मॅडम बसल्या असतील, पाहुणे असतील. नोकरीचा शिष्टाचार होता, तो मी समजू शकते. पण तुम्ही तो घरी घेऊन आलात. साहेबांनी बूढ़ापारा मोहल्ल्यात तलावाजवळ घर बांधलं, त्यांच्याच ओळखीने मागच्या गल्लीत आपल्याला खोली मिळाली, आणि पुढे तुम्ही तिथेच आपलं घर केलं. गल्लीत शिरायचं तर साहेबांच्या व्हरांड्यासमोरूनच. तुम्ही स्वतःच्या स्कूटरचा दिवाही तिथे बंद करायचे. रिटायर झाल्यावरही.

मला तो दिवस दिसतो आहे. मी तुमच्या मागे बसले आहे, मांडीवर शाळेत मिळालेली वक्तृत्वाची ढाल आहे, दिवेलागणीची वेळ आहे. साहेबांच्या घराचा कोपरा येतो आणि तुमचा अंगठा बटणावर जातो. पुढे गल्लीत अंधार, मध्ये उघडी नाली.

"बाबा, काहून बंद केला?"

"साहेबाच्या डोयावर जाते."

"पण साहेब तर बाहेर नाहीच आहेत."

"तुले का करायचं आहे? चूप बस."

स्कूटर नालीच्या काठावर कचकन हलली, ढाल माझ्या हातून निसटली आणि तिचा एक कान मोडला. तुम्ही खाली उतरून ती उचललीत, शर्टाने पुसलीत, परत माझ्या मांडीवर ठेवलीत. दिवा मात्र कोपरा ओलांडून आपल्या दारात येईपर्यंत लावला नाहीत. त्या दिवशी मी भाषणात पहिली आले होते, बाबा, आणि भाषणाचा विषय होता स्वाभिमान.

तरी तुमच्यावर अन्याय करायचा नाही मला. हेडलाइटवर तुमच्याइतका जीव लावणारा माणूस मी पाहिला नाही. रोज सकाळी चुलीतली चाळलेली राख ओल्या फडक्यावर घेऊन काच घासणं. आणि ती भंगारात निघालेली गाडी, जिचा एक दिवा तुम्ही विचारून घरी आणला होता. आई भाकरी थापत होती आणि तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून त्या दिव्याला लाकडी पाय ठोकत होते, वायर जुन्या बॅटरीला जोडत होते. लाइट गेली की माझ्या अभ्यासाला तो दिवा. आई म्हणाली, "पोट्टीचे डोये फोडता का आता?" तुम्ही हसून तो भिंतीकडे फिरवलात, की भिंतीवरून परतलेला उजेड पुस्तकावर मऊ पडावा. माझं अर्धं वाचन त्या दिव्याखाली झालं. मी जे काही आज बोलते, ज्यावर लोक मला भडक म्हणतात, ते तिथे पेटलेलं आहे. म्हणून तर मला कळत नाही. मला उजेड देणारा माणूस स्वतःचा उजेड कोपऱ्यावर का विझवत होता?

आता माझ्या गाडीचं ऐका. दोन्ही काचा पिवळ्या पडल्या होत्या. तुमच्या वेळची खरी काच राहिली नाही आता, प्लास्टिक असतं, उन्हाने त्याला मोतीबिंदू होतो. ते मी पाणी मारत मारत बारीक पॉलिशपेपरने घासून स्वच्छ केलं, वरून संरक्षक थर मारला. राखेने नाही, तुम्ही नाक मुरडाल, पण राखेने ते प्लास्टिक खरवडलं असतं. मग पावसाळ्यात उजव्या दिव्याच्या आत वाफ धरली. काचेच्या आत थेंब, बाहेरून किती पुसलं तरी तसेच. शोरूमच्या सर्व्हिसमध्ये नेली. तिथल्या माणसाने आधी गाडी पाहिली, मग मला पाहिलं. "मैडम, साहब की गाड़ी है?" मी म्हटलं, साहब कोई नहीं है, गाड़ी मेरी है। त्याने पूर्ण दिवाच बदला म्हणून सांगितलं, डावा आणि उजवा दोन्ही, आणि माझ्याकडे असं पाहिलं की किंमत ऐकून आता ही निघून जाईल. मी निघून गेलेच, पण त्याला वाटलं त्या कारणासाठी नाही. दिवा काय आहे हे समजून घेतल्याशिवाय मी तो फेकून देत नाही.

घरी तो दिवा उतरवून पाहिला. त्याच्या मागच्या बाजूला हवा खेळायला एक बारीक भोक असतं. आत जाणारी ओल तिथूनच बाहेर पडते. आधीच्या मालकाच्या कोणा शहाण्याने तिथूनच पाणी शिरतं असं समजून ते भोक चिकट रबराने पक्कं बुजवून टाकलं होतं. बुजवल्यावर ओल आतच राहिली, वर्षानुवर्षं. मंचावर असते तर या भोकावर मी पुरता एक तास बोलले असते. इथे बोलत नाही. रबर खरवडून काढलं, दिवा दोन दिवस उन्हात ठेवला, ओलीने खराब झालेलं आतलं जोडणीचं टोक साफ केलं आणि परत बसवला.

तरी एक राहिलंच. अभनपुरच्या रस्त्यावर समोरून येणारे मला शिव्या देऊ लागले. उजेड खाली घेऊन, डिपरवर असूनही. एक सायकलवाला तर कडेच्या मातीत उतरला आणि मी काच खाली केल्यावर, आंधळं करशील का म्हणून ओरडला, "अंधरा करबे का दीदी!" इकडे गल्लीत साहेबांचा मोठा मुलगा, आता तोही म्हातारा झालाय, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो, त्याने माझ्या धाकट्या भावाला निरोप दिला की तुमच्या दीदीला म्हणावं, लाइट बंद करके आया करे। धाकटा माझ्याकडे आला, तुमचाच मुलगा तो, अगदी तुमच्यासारखा दारात उभा राहून बोलला.

"ताई, कर न बंद कोपऱ्यावर. काय जाते तुझं?"

"बाबाचं काय गेलं ते तुले दिसलं नाही का?"

"ते सोड. बाबा शांतीनं राहिले इथं. तू गाडी नाही, भांडण घेऊन आली आहे घरी. इकून टाक न ते हत्तीण."

"आणि काय घेऊ? स्कूटर? बिना दिव्याची?"

"तुझ्याशी बोलनंच बेकार आहे," म्हणाला, आणि चहा न घेताच गेला. त्याला त्या लोकांमध्ये रोज उठायचं-बसायचं आहे, मला कळतं. पण मी निरोप पाळला नाही. मुद्दाम पाळला नाही. दोन्ही दिवे लावून त्या व्हरांड्यासमोरून रोज गेले.

मात्र सायकलवाल्याचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. साहेबांचा मुलगा आणि सायकलवाला एकच गोष्ट म्हणत होते, पण एकच गोष्ट म्हणत नव्हते. एकाला उजेड खुपत होता आणि दुसऱ्याला खड्डा दिसत नव्हता. मी स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडे गेले. भारी बोलका माणूस, सगळ्या दुखण्यावर एकच औषध. "दीदी, ये सब झंझट छोड़ो। सफेद वाला एलईडी डाल देता हूँ, सूरज निकल जाएगा सूरज।"

"मले सूरज नाही पाहिजे भैया, रस्ता पाहिजे."

"अरे सामने वाला खुद साइड हो जाएगा!"

"तेच तर नको आहे."

तो हिरमुसला. पण मी त्याला बल्ब बदलू दिला नाही. ज्या दिव्याची आतली रचना एका बल्बसाठी केलेली, त्यात दुसराच कोंबला की उजेड रस्ता सोडून सगळीकडे उधळतो. लिफ्टवर गाडी चढवायला लावली आणि आम्ही दोघांनी खाली डोकं घालून पाहिलं. मागच्या चाकाजवळ एक छोटी दांडी असते. गाडीची मागची बाजू ओझ्याने किती दबली हे ती मोजते आणि त्याप्रमाणे दिवे आपोआप खाली झुकतात. ती दांडी तुटून लोंबत होती. आणि ओझं कसलं, बाबा? पुस्तकांचं. सभेत विकायला मी डिकी भरून पुस्तकं नेते. मागून गाडी दबायची, पुढून तोंड वर करायची, आणि उजेड थेट लोकांच्या डोळ्यांत. मेकॅनिक लिफ्टखाली उभा राहून हसत सुटला. "दीदी, आपकी किताबें लोगों को अंधा कर रही हैं!" मीही हसले. असला टोला मला विरोधकांनीही कधी मारला नाही.

दांडी बदलली. गाडी भिंतीसमोर उभी करून, पुस्तकांच्या पेट्या आत ठेवूनच, दोन्ही दिव्यांच्या उजेडाची रेघ जमिनीकडे बसवून घेतली. आणि संध्याकाळी गल्लीत आले. डिपरवर. दिवे चालू.

साहेबांचा मुलगा खुर्चीतून उठला. हात वर केला. मी थांबले, काच खाली केली.

"बिटिया, कितनी बार कहलवाया। तुम्हारे बाबूजी तो यहाँ लाइट बंद कर देते थे।"

"बड़े भैया, आँखों में लग रही है?"

त्याने खाली पाहिलं. उजेड त्याच्या व्हरांड्याच्या पायरीखाली, जमिनीवर पसरला होता, त्याच्या चपलांपर्यंतही पोचत नव्हता. माणूस वाईट नाही तो, खोटं बोलला नाही.

"नहीं। लग तो नहीं रही।"

"फिर?"

"फिर... एक कायदा था ना यहाँ का।"

"हव," मी म्हटलं. "था।"

आणि गिअर टाकला. बाबा, दिवा बंद केला नाही, आणि यापुढेही करणार नाही. सायकलवाल्यासाठी बीम खाली घेईन, हजारदा घेईन, ती माणुसकी आहे आणि ती तुमच्याकडूनच आली असेल. उजेड भिंतीवरून वळवून मऊ करणारे तुम्हीच होते. पण कुणाच्या खुर्चीसाठी माझ्या पुढचा रस्ता अंधारा करणार नाही. नालीत आपणच पडतो, व्हरांड्यातला कधी पडत नाही. तुम्ही म्हणाल, उपकार होते. असतील. खोली मिळाली होती, डोळे नव्हते विकले. धाकटा अजून बोलत नाही माझ्याशी. येईल. त्याची पोरगी मात्र परवा गाडीत पुढे बसून आली आणि कोपऱ्यावर मुद्दाम म्हणाली, "बुआ, हॉर्न भी बजाऊँ क्या?" मी नाही म्हटलं. हॉर्नचं भांडण आपलं नाही.

हे पत्र मी खरं तर तुमच्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. रविवारी विहारात सभा आहे, तिथे वाचायला घेतलं होतं. मोठ्याने म्हणूनही पाहिलं, कुठे थांबायचं तेही ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की तुम्ही स्कूटरचा दिवा विझवता त्या ओळीवर लोक हसतील, आणि मी दिवा लावून जाते तिथे टाळ्या वाजवतील. इतकी वर्षं टाळ्यांवर जगले आहे, पण ती टाळी मला ऐकवणार नाही. ती तुमच्या विरोधात वाजेल. म्हणून हे वाचणार नाही. रविवारी दुसरंच काहीतरी बोलेन.