तुमच्या पुठ्ठ्यावर नव्हतं ते बटण

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलून गेला. वर्ध्यातल्या पोरींना कॉम्प्युटर शिकवणारा पहिला माणूस, असं म्हणाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठीलेही शिकवलं होतं भाऊंनी. पण वशिला नव्हता, म्हून राहून गेलं तिचं." ताई तिथंच बसली होती. मी चहाचे कप गोळा करत होते. ते घेऊन मी आत निघून गेले.

आज लिहिते आहे, कारण काल मी देवळीला ताईकडे गेले होते आणि तिच्या घरात तुम्ही मला पुन्हा भेटलात.

भाऊजींनी बियाण्यांच्या दुकानासाठी कॉम्प्युटर घेतला आहे. बिलं आता त्याच्यावरच काढायची. दुकानामागच्या खोलीत तो ठेवलाय आणि त्याच्यावर मरून मखमलीचं कव्हर आहे, कडेला झालर लावलेलं. ताईनं स्वतः शिवलेलं. खोलीच्या दाराशी चपला काढायच्या. तुमची नात रेणू उंबऱ्यावर बसून आत बघत होती. मी विचारलं, आत का नाही जात? तर म्हणाली, "आई म्हणते हात नको लावजो, बिघडते."

बाबा, हे वाक्य मूळचं कोणाचं, हे मी सांगायची गरज आहे का?

बोरगाव मेघेत आपल्या कापडाच्या दुकानात मधोमध पडदा टाकून तुम्ही क्लास काढलात, तेव्हा मी पाचवीत होते. कॉम्प्युटर पाहिलेली माणसंच तेव्हा आपल्याकडे थोडी. चाळिशी उलटलेला कापडाचा व्यापारी रोज बसनं नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला, हे खरंच सोपं नव्हतं. लोक म्हणतात तुम्ही काळाच्या पुढे होतात. होतातच. म्हणून तर राग जास्त येतो. जो मागेच राहिला त्याच्यावर काय रागवायचं?

सुरुवातीला मुलं मशीनला हात लावायची. मग एके दिवशी ते सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि पुढे काही नाही. नागपूरहून इंजिनिअर येईपर्यंत क्लास बंद राहिला. तुम्ही जेवत नव्हतात, आठवतं? इंजिनिअर आला, त्यानं सगळ्यांना दुकानातल्या कापडी पडद्याबाहेर काढलं, थोड्याच वेळात मशीन चालू करून दिलं आणि जाताना तुम्हाला बजावून गेला, पोरापोरींचे हात लागू देऊ नका.

तेव्हापासून कव्हर आलं. दुकानातल्याच मखमलीचं, आईनं शिवलेलं. मशीन तुम्ही चालवायचं आणि बाकीच्यांनी हात मागे बांधून बघायचं. फुंकर मारून धूळ उडवायचं काम तेवढं माझ्याकडे होतं, तेही मशीन बंद असताना.

घरी सरावासाठी तुम्ही पुठ्ठे दिलेत. कापडाच्या ताग्याच्या आत लांब पुठ्ठा असतो, त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकावर स्केचपेननं बटणं काढायचात. अक्षरं किती सुबक असायची तुमची! पण पुठ्ठा अर्धा केलेला, त्यामुळे उजव्या टोकाला जागा पुरायची नाही. एंटर तुम्ही कसंबसं कोपऱ्यात बसवायचात. बॅकस्पेस काढतच नव्हतात. ताईनं एकदा विचारलं होतं, "बाबा, चुकलं तर खोडाचं कसं?"

तुम्ही म्हणालात, "पण चुकाचंच काऊन?"

सगळा क्लास हसला होता. ताईसुद्धा.

ती संध्याकाळी ओसरीवर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायची. नजर समोर रस्त्यावर, बोटं पुठ्ठ्यावर. घरात तो आवाज सुपात तांदूळ निवडल्यासारखा यायचा. मशीनला द्यायच्या डॉसच्या सगळ्या आज्ञा तिला पाठ होत्या. तुमच्या क्लासची परीक्षा लेखी असायची आणि त्यात ती पहिली आली. त्या दिवशी तिनं तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. एकदा मशीन चालवून पाहू का?

"लेखीत पयली आली न? मंग आता अजून काय पाहाचं आहे?" असं म्हणालात तुम्ही. रागानं नाही, कौतुकानं. सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात लावलंत. कव्हर जागचं हललं नाही.

त्याच वर्षी वर्ध्यातल्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीच्या ऑफिसमधून तिला मुलाखतीला बोलावणं आलं. ऑफिसला नेसायच्या म्हणून तिनं दोन साड्या आधीच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. मुलीनं एकटं जायचं नाही, म्हणून तुम्ही मला बरोबर पाठवलंत. मी दहावीत होते. बाहेर बाकावर बसले होते आणि मधे काच होती. त्यामुळे मी ऐकलेलं नाही, बाबा. पाहिलेलं आहे.

त्यांनी तिला टाइप करायला चार ओळींचं पत्र दिलं. माल पोचल्याची पोच आणि उरलेला लवकर पाठवण्याची विनंती, इंग्रजीत. टेबल काचेला लागूनच होतं, कागद आणि पडदा मला बाहेरून वाचता येत होते. ताई खुर्चीत ताठ बसली. बोटं जिथं हवीत तिथं अलगद ठेवली, एकही इकडची तिकडे नाही. मला अभिमान वाटला होता. मग तिनं पहिलं बटण दाबलं, पी.

पुठ्ठ्यावर बोट टेकलं तर ते उचलायची घाई नसते. कितीही वेळ टेकलेलं राहू द्या, पुठ्ठ्याला काय फरक पडतो? खऱ्या बटणावर बोट राहिलं की अक्षर थांबत नाही. पडद्यावर पी, पी, पी, अशी ओळ पळत सुटली. ओळ भरली, दुसरी सुरू झाली. ताईनं चटका बसल्यासारखे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

समोरचा बाबू हसला. तसा वाईट नव्हता तो. म्हणाला असेल, खोडा की. कारण ताई वाकून खोडायचं बटण शोधायला लागली. उजव्या टोकाला तिची नजर जातच नव्हती. तिच्या पुठ्ठ्यावर तिथं पुठ्ठा संपायचा.

परत येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली, "घरी मी सांगतो. तू काही नको बोलजो."

तिनं सांगितलं, नाही झालं. काय झालं, असं तुम्ही विचारलंत का? नाही विचारलंत. विचारायच्या आधीच तुमचं उत्तर तयार होतं. "तिथं वशिला लागते. आपल्याजवळ कुठं आहे?" आईनं ते शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं, आणि बघता बघता ते खरं झालं. ताईच्या लग्नात त्या दोन साड्या आहेरात निघाल्या.

भाऊजी चांगले आहेत. माझं म्हणणं ते नाही. ताईला ती खुर्ची हवी होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

मी तुम्हाला कधी काही विचारलंच नाही. पॉलिटेक्निकला नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. विचारल्यावर काय होतं, ते मी ताईकडे बघून शिकले होते. तिथं लॅबमध्ये एकदा माझं मशीन सुरू होईना. काळ्या पडद्यावर तीच ओळ. मी हात बांधून उभी राहिले, तुमच्या क्लासमध्ये राहायची तशी. लॅब असिस्टंट आला, माझ्याकडे न बघता त्यानं आत राहिलेली फ्लॉपीची चकती बाहेर काढली, एक बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं.

बिघाड नव्हताच तो, बाबा. सुरू करताना फ्लॉपी आत राहिली की ती ओळ येते. बाहेर काढली की झालं. त्या इंजिनिअरनं एवढंच केलं होतं. तेवढ्यासाठी ते कव्हर, ते पुठ्ठे, आणि ताईचं मांडीवर हात ठेवून बसणं!

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही गिऱ्हाईकासाठी कापड मोजत होतात. वर न बघता म्हणालात, "इंजिनिअर खोटा अन् तू खरी? चार दिवस नाई झाले शिकाले जाऊन." गिऱ्हाईक हसलं. पण तुम्ही तेच कापड पुन्हा पहिल्यापासून मोजलंत, हे मी पाहिलं. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल, तर दुसऱ्या दिवशी कव्हर जागेवर का होतं?

पुढे सिंदी मेघेत नवा क्लास निघाला. तिथं ज्याला त्याला बसायला वेगळं मशीन. तुमची मुलं एकेक करून तिकडे गेली. तिथली मशीनं रोज बिघडतात, असं तुम्ही सांगत फिरायचात. बिघडत असतील. पण रोज सुरूही होत होती.

माझी नोकरी नागपूरला, एका कंपनीत मशीनंच सांभाळायची. बिघडलेलं दुरुस्त करायचे मला पैसे मिळतात. हात लावल्यामुळे बिघडलेलं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. न वापरल्यामुळे निकामी झालेली पाहिली आहेत.

तुमचं त्या मशीनवर प्रेम होतं, हे मला माहीत आहे. तुमची बोटं त्याच्यावर किती हलकी चालायची. पण ते प्रेम होतं की भीती? तुमच्या बाबतीत मला ही दोन कधी वेगळी करता आली नाहीत. ताईच्या बाबतीतही नाही.

तर काल. जेवताना भाऊजी म्हणाले, "पयल्या नंबरवाली बायको घरात, अन् बिलं काढाले माणूस ठेवा लागून राह्यला मले." सोमवारपासून तो माणूस येणार होता. हसण्यावारी बोलले, पण मी ताईकडे पाहिलं. इतकी वर्षं दुकानाचा गल्ला तीच सांभाळते. कोणतं बियाणं कुठल्या मातीत चालेल ते शेतकरी भाऊजींना नाही, तिला विचारतात. मशीनपुढे दुसरं कोणी बसलं की तिला तिथं काय काम उरणार? हे तिलाही कळत होतं. तरी म्हणाली, "मले नाई येत. ठेवा तुम्ही."

मी उठले, तिला मशीनच्या खोलीत नेलं, कव्हर काढून मशीन सुरू केलं आणि म्हटलं, बस.

ती आधी हात धुऊन आली. पदरानं बोटं कोरडी केली. बसली ती तशीच, ताठ. बोटंही तशीच पडली, जिथल्या तिथं. इतक्या वर्षांनी! तिनं पी दाबलं, आणि ओळ पळत सुटली. तिचे हात उचलले गेले आणि मांडीवर आले.

मी तिच्या हाताला धरलं नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यावर फक्त बोट ठेवलं. म्हटलं, "हे खोडायचं. बाबांच्या पुठ्ठ्यावर हे नव्हतं."

तिनं ते दाबलं. एक पी गेला. पुन्हा दाबलं, आणखी एक. दाबून धरलं तर सगळे एकदम जातात, हे मी सांगितलं नाही. ती सावकाश एकेक खोडत राहिली, पडदा रिकामा होईपर्यंत.

मग ती लिहायला लागली. मला वाटलं, स्वतःचं नाव लिहील, नाहीतर रेणूचं. तिनं ते पत्र लिहिलं, बाबा. जिनिंग कंपनीचं. माल पोचला, उरलेला लवकर पाठवावा. चारही ओळी, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मधे एकदा चुकली, खोडून पुढे गेली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होतं का वं हे?"

मशीनबद्दल कोणी काही विचारलं तर माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर असतं. याचं तुम्ही द्यायचं, बाबा. तुमच्याकडे आहे का?

भाऊजी दाराच्या पडद्यातून डोकावले. ताई त्यांना म्हणाली, "सोमवारी त्याले नका बोलावू." आणि मग उंबऱ्याकडे बघून, "ये वं रेणू. राहू दे चपला पायात."

कव्हर मी नागपूरला घेऊन आले आहे. ते ताईकडे परत जाणार नाही. पुढचे काही रविवार मी देवळीला जाईन, बिलांचं सगळं तिला नीट येईपर्यंत. शिकवीन मी, पण खुर्चीत ती बसेल. मी मागे उभी राहीन.

आणि एक वचन देते. वर्षश्राद्धाला सगळे पुन्हा जमतील, आणि काकू पुन्हा वशिल्याचं काढतील. तेव्हा मी कप गोळा करायला उठणार नाही. तुमच्या फोटोसमोर बसून सांगेन, वशिला नव्हता लागत, काकू. एकदा हात लावू द्यायचा होता.

तुमची धाकटी,
वैशाली